विश्लेषण : ‘टॉमी गन’च्या पुढच्या मुठीची जागा का बदलत गेली? कोण होते जनरल जॉन थॉम्पसन?

रायफलच्या नळीखाली पुढच्या बाजूला बसवलेली उभी मूठ आज अनेक देशांच्या सैनिकांच्या आणि पोलिसांच्या कमांडो पथकांच्या हातात दिसते. ही मूठ मॅगझिनच्या जवळ असावी की नळीच्या तोंडाकडे, ती उभी असावी की आडवी, यावर शस्त्रांच्या जाणकारांत अजूनही एकमत नाही. या मुठीला जगभर ओळख मिळवून दिली ती शंभर वर्षांपूर्वीच्या ‘थॉम्पसन सब-मशीनगन’ने, म्हणजेच ‘टॉमी गन’ने. पहिल्या महायुद्धातील खंदकांसाठी कल्पिलेली ही बंदूक खंदकांपर्यंत पोहोचलीच नाही. ती पोहोचली शिकागोच्या रस्त्यांवर, गुन्हेगारांच्या हाती. जनरल थॉम्पसन यांची कारकीर्द आणि त्यांच्या बंदुकीवरील त्या मुठीचा प्रवास यांचा हा आढावा.

जॉन थॉम्पसन कोण होते?

जॉन टॅलियाफेरो थॉम्पसन यांचा जन्म ३१ डिसेंबर १८६० रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यातील न्यूपोर्ट येथे झाला. वडील सैन्यात अधिकारी होते. त्यांच्या बदल्यांमुळे थॉम्पसन यांचे बालपण एका छावणीतून दुसऱ्या छावणीत गेले. वडिलांप्रमाणेच सैन्यात जायचे हे त्यांनी लहानपणीच ठरवले होते. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीतून ते १८८२ मध्ये बाहेर पडले. सुरुवातीची काही वर्षे तोफखान्यात काढल्यावर १८९० मध्ये ते शस्त्रास्त्र विभागात आले आणि पुढची जवळपास २५ वर्षे तिथेच राहिले.

१८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले. क्युबाकडे निघालेल्या फौजेला दारूगोळा पुरवण्याची जबाबदारी फ्लोरिडातील टँपा बंदरावर थॉम्पसन यांच्याकडे होती. त्या बंदरावर तेव्हा कमालीचा गोंधळ होता. रेल्वेचे डबे रुळांवर अडकून पडले होते आणि कोणत्या डब्यात काय आहे याचा पत्ता नव्हता. त्या धांदलीत जॉन पार्कर नावाचा एक तरुण अधिकारी गॅटलिंग तोफांची वेगळी तुकडी उभी करू पाहत होता. अनेक नळ्या फिरवत सलग गोळ्या झाडणाऱ्या या तोफांवर वरिष्ठांचा फारसा विश्वास नव्हता. थॉम्पसन यांनी मात्र पार्करला तोफा मिळवून दिल्या. सान हुआन टेकडीच्या लढाईत याच तोफांच्या माऱ्याने अमेरिकी पायदळाची चढाई सोपी केली. सलग गोळीबार करणारे हत्यार लढाईचे चित्र बदलू शकते, हे थॉम्पसन यांच्या मनावर तेव्हापासून ठसले.

०.४५ इंचाची गोळी कुठून आली?

फिलिपिन्समधील लढायांत अमेरिकी सैनिकांचा एक अनुभव वारंवार पुढे येत होता. ०.३८ इंच व्यासाच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही अंगावर धावून येणारा मोरो योद्धा थांबत नसे. कोणती गोळी माणसाला जागीच थांबवते हे शोधण्याचे काम १९०४ मध्ये दोघांवर सोपवण्यात आले. शस्त्रास्त्र विभागातून थॉम्पसन आणि वैद्यकीय विभागातून लुई लागार्ड.

या चाचण्यांतील जनावरांवरचे प्रयोग शिकागोच्या कत्तलखान्यांच्या परिसरात झाले. जिवंत गुरांवर आणि मृत मानवी देहांवर वेगवेगळ्या आकारांच्या गोळ्या झाडून त्यांचा परिणाम नोंदवण्यात आला. आजच्या कसोटीवर या चाचण्यांची पद्धत ओबडधोबड आणि क्रूर वाटते. लष्करी पिस्तुलाची गोळी ०.४५ इंचापेक्षा कमी व्यासाची नसावी, असा निष्कर्ष दोघांनी काढला. पुढे जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेले आणि १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले प्रसिद्ध पिस्तूल याच व्यासाच्या गोळीचे होते. थॉम्पसन यांच्या बंदुकीतही पुढे हीच गोळी आली. त्यामागे मात्र आणखी एक कारण होते.

निवृत्तीनंतर बंदुकीची कल्पना कशी सुचली?

नोव्हेंबर १९१४ मध्ये थॉम्पसन सैन्यातून निवृत्त झाले आणि रेमिंग्टन या शस्त्रनिर्मिती कंपनीत मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले. युरोपात पहिले महायुद्ध सुरू झाले होते. ब्रिटनसाठी रायफली बनवणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील एडिस्टोन कारखान्याची उभारणी त्यांच्या देखरेखीखाली झाली. युरोपातून येणाऱ्या बातम्यांतून खंदकांची लढाई त्यांना समजत होती. लांब नळीच्या, एकेक गोळी झाडून पुन्हा भराव्या लागणाऱ्या रायफली अरुंद खंदकात अडचणीच्या ठरत होत्या. शत्रूच्या खंदकात उतरल्यावर केरसुणी फिरवावी तसा समोरचा भाग साफ करणारे, एका माणसाला पेलणारे हत्यार हवे, असे त्यांना वाटू लागले.

नौदलातील अधिकारी जॉन ब्लिश यांचे एक पेटंट त्याच सुमारास त्यांच्या पाहण्यात आले. प्रचंड दाबाखाली काही धातू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात आणि दाब उतरताच सुटतात, असे ब्लिश यांचे म्हणणे होते. हे तत्त्व वापरून गुंतागुंतीच्या यंत्रणेशिवाय स्वयंचलित रायफल करता येईल, अशी थॉम्पसन यांची अटकळ होती. थॉमस फॉर्च्युन रायन या धनाढ्य भांडवलदाराने पैसा घातला आणि १९१६ मध्ये ‘ऑटो-ऑर्डनन्स’ कंपनी स्थापन झाली. थिओडोर आइकहॉफ, ऑस्कर पेन आणि जॉर्ज गोल हे अभियंते क्लीव्हलँडमध्ये कामाला लागले.

ब्लिश यांची कळ रायफलच्या ताकदवान काडतुसापुढे टिकेना. सैन्यात वापरात असलेल्या काडतुसांपैकी तिला चालणारे एकच होते, ते म्हणजे ०.४५ इंचाचे पिस्तुलाचे काडतूस. थॉम्पसन यांनी मग स्वयंचलित रायफलचा नाद सोडला आणि पिस्तुलाची गोळी झाडणारी छोटी मशीनगन करायचे ठरवले. दरम्यान १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि थॉम्पसन यांना सैन्याने परत बोलावले. ब्रिटिशांसाठीची रायफल अमेरिकी काडतुसासाठी बदलून घेण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. अशा २० लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. या सेवेसाठी त्यांना ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा आणि सन्मानपदक मिळाले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले, तेव्हा खंदकांसाठीची बंदूक अजून प्रयोगशाळेतच होती. जर्मनीची ‘बर्गमन एमपी १८’ मात्र १९१८ मध्येच रणांगणावर उतरली होती.

मूठ नळीखाली पुढे का बसवली?

१९१९ मध्ये या बंदुकीला थॉम्पसन यांचे नाव देण्यात आले आणि ‘सब-मशीनगन’ हा शब्द तिच्यामुळेच रूढ झाला. कोल्ट कंपनीने १५ हजार बंदुका बनवण्याचे कंत्राट घेतले आणि १९२१ मध्ये पहिल्या बंदुका बाहेर पडल्या. या मॉडेलला दोन उभ्या मुठी होत्या. एक मागे, चापाजवळ, उजव्या हातासाठी. दुसरी नळीखाली, मॅगझिनच्या पुढे, डाव्या हातासाठी. पुढच्या मुठीला बोटे बसतील अशा खाचा होत्या.

ही जागा निवडण्याची कारणे बंदुकीच्या रचनेत सापडतात. गोळी सुटली की धक्का नळीच्या रेषेत मागे येतो. खांदा मात्र बंदुकीला अडवतो तो लाकडी दस्त्यापाशी आणि थॉम्पसनचा दस्ता नळीच्या रेषेपेक्षा बराच खाली उतरलेला होता. धक्का वरच्या रेषेत आणि अडवणूक खालच्या रेषेत असली की बंदूक खांद्याभोवती फिरू पाहते आणि तिचे तोंड वर जाते. एका गोळीने तोंड थोडेसेच उचलले जाते. थॉम्पसनच्या १९२१ च्या मॉडेलमधून मिनिटाला सुमारे ८०० गोळ्यांच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १३ गोळ्या सुटत. २० गोळ्यांचे मॅगझिन दीड सेकंदात, तर ५० गोळ्यांचा ड्रम चार सेकंदांच्या आत रिकामा होई. तेवढ्या वेळात तोंड सतत वर चढत राही आणि शेवटच्या गोळ्या निशाणाच्या डोक्यावरून जात.

हे रोखायचे तर डाव्या हाताने नळी खाली आणि मागे ओढून धरावी लागते. हात खांद्यापासून जितका दूर, तितकी कमी ताकद पुरते. पहारीचे टोक धरून मोठा दगड हलवताना हेच होते. आडव्या लाकडावर तळहात खालून टेकवला तर बंदुकीचे वजन पेलता येते, पण ती खाली ओढणे अवघड जाते. उभ्या मुठीला पूर्ण हाताची पकड बसते आणि ओढता येते.

दुसरे कारण दस्त्याचे होते. या मॉडेलचा दस्ता काढून ठेवता येई. तो काढला की बंदूक खांद्याला टेकवता येत नसे. मग कमरेजवळ धरून चालत चालत गोळीबार करायचा, तर दोन्ही हातांना मुठी लागणारच. थॉम्पसन यांच्या मनातील खंदकातली लढाई नेमकी अशीच होती.

तिसरे कारण साधे होते. ५० किंवा १०० गोळ्यांचा गोल ड्रम बराच रुंद असतो. डावा हात त्याला न अडकता पुढे जायला हवा आणि सलग गोळीबाराने तापलेल्या नळीपासूनही दूर राहायला हवा. मॅगझिन आणि नळीचे तोंड यांच्या मधल्या जागेत नळीखाली लोंबणारी मूठ या दोन्ही गोष्टी साधत होती.

बंदूक खपली का नाही?

युद्ध संपले होते आणि सैन्यांकडे शस्त्रे पडून होती. थॉम्पसनची किंमत सुमारे २०० डॉलर होती. तेव्हा नवी फोर्ड मोटार साधारण ४०० डॉलरला मिळे. कंपनीने पोलीस, बँका, खाणमालक आणि पशुपालक यांना डोळ्यांसमोर ठेवून जाहिराती केल्या. कायदा आणि सुव्यवस्था राखणाऱ्यांची बंदूक अशी तिची ओळख व्हावी, हा थॉम्पसन यांचा आग्रह होता. विक्री मात्र रखडली. कोल्टने बनवलेल्या १५ हजारांपैकी काही हजार बंदुका १९३९ पर्यंत गोदामात पडून होत्या.

पहिला डागही लवकर लागला. जून १९२१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या होबोकेन बंदरात ‘ईस्ट साइड’ या जहाजावर ४९५ थॉम्पसन बंदुका लपवलेल्या सापडल्या. त्या ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीकडे निघाल्या होत्या. या प्रकरणात थॉम्पसन यांचा मुलगा मार्सेलस याच्यावर आरोप ठेवण्यात आले. मार्सेलस कंपनीत पदाधिकारी होता आणि त्याचे सासरे जॉर्ज हार्वे हे त्याच काळात ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. पुढे हे आरोप मागे घेण्यात आले, पण कंपनीच्या नावाला गालबोट लागायचे ते लागलेच.

शिकागोत काय घडले?

अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि चोरट्या दारूच्या धंद्यावर टोळ्या पोसल्या जात होत्या. अनेक राज्यांत मशीनगन विकत घेण्यावर बंधन नव्हते. पिस्तुलांवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यांच्या डोळ्यांसमोर अशी बंदूक कधी आलीच नव्हती. १९२५ मध्ये शिकागोतील टोळीयुद्धात थॉम्पसनचा वापर झाला आणि नंतर तो वाढतच गेला. कोटाखाली लपणारी आणि धावत्या मोटारीतून चालवता येणारी ही बंदूक टोळ्यांच्या कामाला चपखल बसली. दस्ता काढता येणे आणि पुढे मूठ असणे या खंदकांसाठी केलेल्या सोयी मोटारीच्या मागच्या आसनावरही तितक्याच उपयोगी पडल्या.

१४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोतील एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभे करून ठार मारण्यात आले. मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचे गणवेश होते. कॅल्विन गोडार्ड यांनी गोळ्या आणि पुंगळ्यांवरील खुणा तपासल्या. गोळीबारात दोन थॉम्पसन बंदुका वापरल्याचे त्यांनी दाखवले आणि डिसेंबरमध्ये मिशिगनमधील एका गुन्हेगाराच्या घरी सापडलेल्या बंदुकांशी त्या जुळवल्या. गुन्ह्यांच्या तपासात बंदुकांच्या शास्त्रीय तपासणीला या प्रकरणातून मोठे बळ मिळाले. थॉम्पसन यांनी २५ वर्षांपूर्वी याच शहरात गोळीचा व्यास ठरवण्यासाठी चाचण्या घेतल्या होत्या.

वर्तमानपत्रे आणि चित्रपट यांनी पुढची उभी मूठ आणि गोल ड्रम असलेली आकृती घराघरांत पोहोचवली. गुंडाचे चित्र काढायचे तर त्याच्या हातात हीच बंदूक दिसू लागली. अमेरिकी संसदेने १९३४ मध्ये ‘नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट’ मंजूर केला. मशीनगन, आखूड केलेल्या रायफली आणि सायलेन्सर यांची नोंदणी सक्तीची झाली आणि मशीनगनच्या प्रत्येक हस्तांतरणावर २०० डॉलर कर बसला. हा कर जवळपास थॉम्पसनच्या किमतीइतकाच होता.

थॉम्पसन यांचे पुढे काय झाले?

रायन यांचे १९२८ मध्ये निधन झाले. त्यांच्या वारसांना तोट्यातील कंपनी चालवण्यात रस नव्हता. त्यानंतर थोड्याच काळात थॉम्पसन कंपनीच्या कारभारातून बाजूला सारले गेले. बंदुकीवर त्यांचे नाव होते, पण निर्णय घेण्याचा अधिकार उरला नव्हता. सैनिकांचे प्राण वाचावेत म्हणून केलेले शस्त्र गुन्हेगारांच्या हाती गेले, याची खंत त्यांना अखेरपर्यंत होती. जवळच्या सहकाऱ्यांकडे त्यांनी ती बोलूनही दाखवली.

मार्सेलस यांनी कंपनी पुन्हा मिळवण्यासाठी धडपड केली. त्यातून १९३९ मध्ये रसेल मॅग्वायर या उद्योजकाच्या हाती कंपनीची सूत्रे गेली. मार्सेलस यांचे ऑक्टोबर १९३९ मध्ये निधन झाले. युरोपात दुसरे महायुद्ध सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. आठ महिन्यांनी, २१ जून १९४० रोजी, न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेक येथे वयाच्या ७९ व्या वर्षी थॉम्पसन यांनी देह ठेवला. वेस्ट पॉइंटच्या दफनभूमीत त्यांचे अंत्यसंस्कार झाले. फ्रान्स आणि ब्रिटनने त्यांच्या बंदुकीच्या मागण्या तेव्हा नुकत्याच नोंदवल्या होत्या.

सैन्याने उभी मूठ काढून का टाकली?

सैन्याने बंदूक स्वीकारली, पण तिची पुढची मूठ बदलून. १९२८ च्या मॉडेलमध्ये गोळीबाराचा वेग मिनिटाला सुमारे ६०० पर्यंत खाली आणला गेला. त्याआधीच नळीच्या तोंडाशी एक झडप बसवण्याची सोय झाली होती. रिचर्ड कट्स यांच्या नावाने ओळखली जाणारी ही झडप सुटणाऱ्या वायूचा काही भाग वरच्या दिशेने सोडते आणि त्याच्या प्रतिक्रियेने नळीचे तोंड खाली दाबले जाते. डाव्या हाताचे काम या दोन बदलांनी हलके केले.

उभ्या मुठीची गरज कमी झाली आणि तिच्या अडचणी उठून दिसू लागल्या. सैनिक पोटावर झोपून नेम धरतो, तेव्हा खाली लोंबणारी मूठ जमिनीला टेकते आणि बंदूक उंच धरावी लागते. झुडपांतून जाताना, वाहनात चढताना ती अडकते. खांद्यावर बंदूक लटकवायला पट्टा लागतो आणि पुढच्या बाजूला पट्ट्याची कडी बसवायला आडवे लाकूड सोयीचे असते. पोलीस किंवा गुंड बंदूक मोटारीतून नेत असे. सैनिकाला ती मैलोन् मैल अंगावर वागवायची होती. म्हणून सैन्याच्या ‘एम १९२८ ए १’ मॉडेलमध्ये नळीला समांतर अशी आडवी लाकडी मूठ रूढ झाली.

१९४२ मधील ‘एम १’ मॉडेलमध्ये हा बदल पूर्ण झाला. ब्लिश यांची कळ काढून टाकण्यात आली. या गोळीला तिची गरज नाही, असे अभियंत्यांना आढळले होते. ड्रम गेला, नळीवरील महागडे पंखे आणि तोंडाची झडप गेली, दस्ता कायमचा जोडला गेला. सुमारे २०० डॉलरची बंदूक युद्धाच्या अखेरीस ४५ डॉलरच्या आसपास बनू लागली. दुसऱ्या महायुद्धात १५ लाखांहून अधिक थॉम्पसन तयार झाल्या. त्यांच्या निर्मात्याने त्यासाठी वाट पाहिली होती २० वर्षे.

मराठी सैनिकांशी या बंदुकीचा काय संबंध?

ब्रिटिश भारतीय सैन्यातील तुकड्यांनाही टॉमी गन मिळाल्या होत्या. सध्याच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी अगदी जवळून होणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतील इतर सर्व जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, दुसऱ्याला टॉमी गनने टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांवर तिच्याच दस्त्याचे घाव घातले. लगेचच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून त्यांना वीरमरण आले. त्यांचे वय तेव्हा २२ होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

आज रायफलवर ही मूठ कुठे बसवतात?

युद्धानंतर काही दशके उभी मूठ मागे पडली. पूर्व युरोपात मात्र ती टिकली. रुमानिया आणि हंगेरी यांनी आपल्या कलाश्निकोव्ह रायफलींना पुढची मूठ बसवली. अमेरिकेत एम ४ रायफलच्या नळीभोवती खाचा असलेल्या पट्ट्या आल्या आणि हवी ती मूठ, हवी तिथे लावण्याची सोय झाली. त्याबरोबर थॉम्पसन यांच्या वेळचा प्रश्न परत आला.

आजच्या हलक्या रायफलींचा दस्ता बहुधा नळीच्या रेषेतच असतो. त्यामुळे तोंड वर जाण्याचा त्रास थॉम्पसनपेक्षा कमी होतो. मूठ नळीच्या तोंडाकडे नेली तर धक्का आवरणे आणि एका निशाणावरून दुसऱ्यावर नळी वळवणे सोपे जाते. मात्र हात जवळजवळ सरळ ताणला जातो आणि लवकर थकतो. मूठ मॅगझिनजवळ आणली तर कोपर अंगाशी राहते, अरुंद जागेत हालचाल सोपी होते आणि वजन कमी जाणवते. पण तरफेचा फायदा घटतो आणि मॅगझिन बदलताना हाताला मूठ अडू शकते.

म्हणून सर्वांना लागू पडेल असे एक माप नाही. साधारण पद्धत अशी, की रिकाम्या रायफलचा दस्ता खांद्याला नीट लावावा, डावा हात कोपरात किंचित वाकलेला ठेवून सहज पोहोचेल तिथे न्यावा आणि मूठ तिथे बसवावी. जाड चिलखती जाकीट घातल्यावर खांद्यापासूनचे अंतर बदलते, म्हणून जागा ठरवताना ते अंगावर असावे लागते. नळीवर टॉर्च असेल तर त्याचे बटण बोटाच्या टप्प्यात हवे. अनेक जण आता मुठीला संपूर्ण पंजाने पकडत नाहीत. तळहात तिला टेकवून ती खुणेसारखी वापरतात, म्हणजे हात दर वेळी त्याच जागी जातो. पोटावर झोपून किंवा भिंतीच्या आधाराने नेम धरायचा असेल, तर उभ्या मुठीपेक्षा आखूड किंवा तिरकी मूठ बरी पडते. उभ्या मुठीची हीच अडचण थॉम्पसनच्या बाबतीत अमेरिकी सैन्याने ओळखली होती.

मुठीचा कायद्याशी संबंध अजून आहे का?

अमेरिकेत आहे. तिथे रायफलला उभी मूठ लावण्यावर १९३४ च्या कायद्याचे बंधन नाही. तीच मूठ लहान पिस्तुलाच्या नळीखाली जोडली, तर ते शस्त्र त्या कायद्याच्या कक्षेत येते आणि त्यासाठी आधी नोंदणी करून परवानगी घ्यावी लागते. पिस्तूल म्हणजे एका हाताने चालवायचे शस्त्र, अशी कायद्याची व्याख्या आहे आणि दुसरी मूठ आली की ते एका हाताचे शस्त्र राहत नाही, असा त्यामागील तर्क आहे. थॉम्पसन यांच्या बंदुकीने माजवलेल्या दहशतीतून जो कायदा आला, तो ९० वर्षांनंतरही पुढच्या मुठीची जागा पाहूनच शस्त्र कोणत्या वर्गातले हे ठरवतो.